दुसऱ्यांच्या फोटोंतून केलेलं कोलाज माझं म्हणता येईल का?

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका मुलीचं पत्र आलं आहे. वय चोवीस. दिवसभर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात नोकरी करते आणि रात्री घरी सेकंडहँड लॅपटॉपवर कोलाज करते. विषय सगळे खान्देशचे : केळीच्या बागा, तापी, सारंगखेड्याचे घोडे, आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका, कानबाई देवीचा सण. बहुतेक फोटो विकिमीडिया कॉमन्स आणि फ्लिकर या फोटोंच्या साइटवरचे, मोकळ्या परवान्याचे आहेत. काही थेट गुगलवरून घेतलेले. यंदा कानबाईच्या वेळी केलेलं एक कोलाज नातेवाइकांच्या ग्रुपमधून फिरत एका छायाचित्रकारापर्यंत पोहोचलं. त्यांचा मेसेज आला, "यातला पुलाचा फोटो माझा आहे. वापरायला हरकत नाही, पण नाव कुठे आहे?" त्याच सुमारास गावातल्या एका पतसंस्थेनं पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी बारा कोलाज मागितली, पैसे देऊन. मोठा भाऊ म्हणतो, "नेटवरचं सगळं फुकट असतं, नावं टाकून चित्राची शोभा कशाला घालवतेस?" चित्रकला महाविद्यालयात शिकलेली मैत्रीण म्हणते, "पण यात तुझं काय आहे? सगळी ठिगळंच तर आहेत." मुलीनं मेसेजला उत्तर दिलेलं नाही. ती विचारते, "ताई, मी चोरी केली का? हे माझं आहे तरी का? ऑर्डर नाकारून सगळं बंदच करावंसं वाटतं."

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. छायाचित्रकारांनी विचारलं, नाव कुठे आहे. मैत्रिणीनं विचारलं, तुझं यात काय आहे. दोन्ही एकाच सुमारास आले, म्हणून तुला ते एकच वाटले आणि त्यांचं उत्तरही तू एकच काढलंस : थांबावं. मला हे दोन्ही प्रश्न सुटे करायचे आहेत. पहिल्याला नेमकं उत्तर आहे. दुसऱ्याला जास्त वेळ लागेल.

आधी तो मेसेज पुन्हा वाच. "वापरायला हरकत नाही," असं ते स्वतःच लिहितात. काढून टाक म्हणत नाहीत, पैसे मागत नाहीत. त्यांना त्यांचं नाव हवं आहे. तू त्यात 'चोर' हा शब्द वाचलास, तो तिथे नाही.

आता दादाच्या बोलण्याकडे येते, कारण त्याची समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. फोटो काढला त्या क्षणी त्याचा कॉपीराइट निर्माण होतो. आपल्या 1957 च्या कायद्यात त्यासाठी नोंदणीचीही अट नाही. म्हणजे नेटवरचा जवळजवळ प्रत्येक फोटो कुणाचा तरी असतो. मोकळा परवाना देणारा माणूस आपला हक्क सोडून देत नाही. तो आधीच सांगून ठेवतो की एवढ्या अटी पाळ, मग मला विचारायलाही येऊ नकोस. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था 2001 मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर 2002 मध्ये तिचे पहिले परवाने आले, ते ही विचारायची अडचण दूर करायलाच. तू रात्री अकरा वाजता कुणा अनोळखी माणसाचा फोटो बिनधास्त घेऊ शकतेस, ती त्या माणसाची मेहेरबानी आहे. त्या बदल्यात बहुतेक वेळा तो फक्त नाव मागतो. तुझ्याकडून ती अट राहून गेली. ही चूक आहे आणि ती दुरुस्त करता येते. परवान्याच्या 4.0 या आवृत्तीत तर तशी सोयच आहे : चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत सुधारली तर गेलेला हक्क आपोआप परत मिळतो. तेव्हा उत्तर आजच दे. शब्द सुचत नसतील तर हे घे :

"नमस्कार सर. पुलाचा फोटो तुमचाच आहे. मी तो कोलाजमध्ये घेतला आणि नाव द्यायचं राहिलं, त्याबद्दल माफी मागते. आज नाव आणि परवाना लिहून नवी प्रत केली आहे. मी जिथे जिथे टाकलं होतं तिथली जुनी काढून नवी टाकली आहे. नाव वेगळ्या तऱ्हेनं हवं असेल तर कळवा."

यापेक्षा लांब लिहू नकोस. मी गरीब घरची, मला माहीत नव्हतं, असलं काही नको. आणि नवी प्रत खरंच टाकून झाल्यावरच हे पाठव.

आता परवान्यांची अक्षरं. दुकानात तू जातीच्या दाखल्याचे, पीक विम्याचे फॉर्म रकाना न् रकाना वाचून भरतेस. तितक्याच बारकाईनं फोटोखालची ही अक्षरं वाचायची आहेत. 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स. 'सीसी झीरो' किंवा 'पब्लिक डोमेन' असेल तर कुठलीच अट नाही. 'बाय' म्हणजे नाव द्या. 'एनडी' म्हणजे फोटोत बदल करून तो पुढे देऊ नका. कापून, मिसळून कोलाज करणं हा बदलच आहे, त्यामुळे एनडी दिसलं की तो फोटो सोडून दे. उरली 'एनसी' आणि 'एसए'. तुझ्या ऑर्डरचा सगळा गुंता या दोघांत आहे.

'एनसी' म्हणजे व्यापारी फायद्यासाठी वापरायचं नाही. दादा म्हणेल, पतसंस्था कॅलेंडर विकणार कुठे आहे, ठेवीदारांना फुकट तर वाटणार. पण ते वाटलं जातं संस्थेचं नाव वर्षभर भिंतीवर राहावं म्हणून, आणि तुला त्याचे पैसे मिळणार आहेत. माझा स्पष्ट सल्ला आहे की कॅलेंडरमध्ये एनसीचा एकही फोटो नको. सारंगखेड्याचा एखादा देखणा घोडा त्यामुळे हातचा जाईल, तर जाऊ दे. अगदी तोच हवा असेल तर त्या छायाचित्रकाराला लिहून विचार. परवान्याबाहेरची परवानगी तो स्वतः देऊ शकतो.

'एसए' म्हणजे जसा परवाना घेतला, तसाच पुढे द्या. कॉमन्सवरचे अतिशय मोठ्या संख्येनं फोटो याच परवान्याचे आहेत, म्हणून हे नीट समजून घे. एसएचा एक जरी फोटो तू कापून चित्रात मिसळलास, तर ते अख्खं कोलाज त्याच परवान्याखाली मोकळं करावं लागतं. उद्या शेजारच्या गावच्या संस्थेनं तेच चित्र तुझं आणि मूळ छायाचित्रकारांचं नाव घालून छापलं, तर त्यांना अडवता येणार नाही. एसए आणि एनसी हे दोन्ही एका कोलाजमध्ये मिसळताही येत नाहीत, कारण एकाच्या अटी दुसऱ्याला मोडतात. फोटो न कापता, न बदलता चौकटीत एकाशेजारी एक मांडले तर साधारणपणे तो संग्रह धरला जातो आणि प्रत्येक फोटो आपापल्या परवान्यावर राहतो. पण तुझी कामं तशी नाहीत. तू पाठवलेल्या दोन्ही चित्रांत फोटो एकमेकांत पुरते विरघळलेले आहेत.

म्हणून ॲडव्हान्स घेण्याआधी पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांशी बोल. तू पत्रात त्यांना 'आप्पा' म्हणतेस, म्हणजे बोलता येण्यासारखं नातं आहे. त्यांना सरळ विचार : आप्पा, ही चित्रं फक्त तुमच्याच संस्थेची राहायला हवीत का? हो म्हणाले, तर एसए पूर्ण वर्ज्य. मग सीसी झीरो, पब्लिक डोमेन, नुसतं बाय आणि तुझे स्वतःचे फोटो एवढ्यावर काम करायचं. त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याचे पैसेही जास्त सांग. त्यांची हरकत नसेल तर एसए वापर आणि तुझ्या मेहनतीचा दर घे. कसंही ठरलं तरी ते व्हॉट्सॲपवर का होईना, लिखित असू दे.

गुगलवरून थेट उचललेल्या फोटोंबद्दल थोडक्यात सांगते. ते काढून टाक. गुगल नुसतं शोधून देतं, फोटो त्याचे नसतात. इमेज सर्चमध्ये वापराच्या हक्कांची चाळणी आहे, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येतं. तरीही मूळ पानावर जाऊन परवाना डोळ्यांनी बघायचा. ओपनव्हर्स या शोधायच्या साइटवरही असे फोटो एकत्र शोधता येतात. अनस्प्लॅश आणि पिक्साबे या फुकट फोटोंच्या साइटवर पूर्वी सीसी झीरो होतं. अनस्प्लॅशनं 2017 मध्ये आणि पिक्साबेनं 2019 मध्ये ते सोडून स्वतःचा परवाना आणला. तिथे नाव सक्तीचं नाही, पण अटी वेगळ्या आहेत, त्या एकदा वाचून ठेव.

शोधताना 'खान्देश' एवढंच लिहिलंस तर हाताला फार काही लागणार नाही. गावाचं, जागेचं नाव टाक : तोरणमाळ, पाटणादेवी, प्रकाशा, चांगदेव, पारोळ्याचा किल्ला, पद्मालय. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करून बघ. भुसावळचंच लोक दोन प्रकारे लिहितात. आणि 'तापी' म्हणून जे येईल ते तपासून घे, कारण नदी आपली असली तरी पुढे ती सुरतेतून वाहते आणि सुरतेच्या पुलांचे फोटो भरपूर आहेत. खान्देशच्या कॅलेंडरवर सुरतेचा पूल छापला गेला तर पहिल्याच दिवशी कुणीतरी ओळखेल. फोटोखालची माहिती टाकणाऱ्यानं लिहिलेली असते, तीही चुकू शकते.

जुन्या फोटोंचं दालन तर तू अजून उघडलेलंच दिसत नाहीस. 2012 च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. त्यामुळे आपल्या भागाची एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रं आज सगळ्यांची आहेत. तुला एक नाव सांगते. मेजर रॉबर्ट गिल. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. लेण्यांत कित्येक वर्षं राबून त्यांनी मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती आणि 1866 च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. पण गिल फोटोही काढत. अजिंठा-वेरूळचे त्यांचे फोटो 1864 मध्ये प्रसिद्ध झाले होते. 1879 मध्ये ते वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. तू भुसावळवरून कितीदा गेली असशील. त्यांच्या फोटोंवर आज कुठलीच अट नाही, नाव न देताही ते वापरता येतात. तरी मी म्हणेन, नाव लिही. ज्याची आयुष्यभराची चित्रं आगीत गेली, त्याचं नाव निदान फोटोखाली राहू दे.

घरातल्या फोटोंचाही विचार कर. आजीनं पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कायद्यानं त्याचा पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो, स्टुडिओवाला नाही. मामा-मावशांना विचारून तो निश्चिंतपणे वापर.

आता एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस, पण तुझं दुसरं चित्र बघून मला ती सोडवत नाही. त्यात होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारातली एक पावरा आदिवासी बाई आहे. चांदीचे दागिने, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा. फोटो बाय परवान्याचा आहे, म्हणजे काढणाऱ्यानं मोकळा केला. पण त्या बाईला कुणी विचारलं होतं का? परवाना फक्त छायाचित्रकाराच्या हक्काबद्दल बोलतो. फोटोतल्या माणसाची संमती त्यात येत नाही. आपला चेहरा एखाद्या पतसंस्थेच्या ठेव योजनेच्या वर छापलेला धडगावच्या कुठल्या दुकानात तिला दिसला तर तिला काय वाटेल, हा विचार आपणच करायचा आहे. सातपुड्यातल्या बायकांचे असे फोटो नेटवर खूप फिरतात आणि त्या बायकांची नावं जवळजवळ कधीच नसतात. जाहिरातीच्या कामात ओळखू येणारा चेहरा संमतीशिवाय नको, आणि लहान मुलांचा तर मुळीच नको. हात घे, दागिना घे, दूरची गर्दी घे, पाठमोरी चाल घे. कानबाईचंही तसंच. ती घराघरांत बसते, तिचे फोटो कुणाच्या तरी घरात काढलेले असतात. आपल्या घरच्या किंवा विचारून काढलेल्या कानबाईचाच फोटो वापर. शिवाय वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत जातं. देवीचा मुखवटा रद्दीत जाताना बघून आपल्याकडे बायांचा जीव हळहळतो. त्या पानावर मुखवट्याऐवजी रोटांची परात किंवा विसर्जनाची मिरवणूक चालेल का, बघ.

दादा म्हणतो नावांनी शोभा जाते. जाते, जर नाव चित्राच्या मधोमध पांढऱ्या अक्षरांत ठोकलं तर. परवान्याची अपेक्षा एवढीच आहे की माध्यमाला साजेल अशा रीतीनं श्रेय द्यावं. कॅलेंडरच्या शेवटच्या पानामागे महिनावार यादी दे : फोटोचं नाव, काढणाऱ्याचं नाव, कुठून घेतला, परवाना कोणता, आणि 'कापून रंग बदलले आहेत' एवढा शेरा. जागा पुरत नसेल तर पूर्ण यादी एका पानावर नेटवर ठेव आणि क्यूआर कोड छाप. तेही परवान्यात बसतं. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्राला मात्र खाली बारीक पट्टी हवीच, कारण फॉरवर्ड होताना मजकूर गळतो आणि चित्र एकटंच पुढे जातं. तुझ्या पुलाच्या फोटोचं बहुधा हेच झालं.

बारा कोलाज म्हणजे साठ-सत्तर फोटो सहज होतील. शेवटी बसून नावं शोधायला गेलीस तर अर्धी सापडणार नाहीत. म्हणून फोटो उतरवतानाच काम कर. गिम्प या चित्रं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेअरला, म्हणजे थराला, नाव देता येतं. 'लेअर 7' असं राहू देण्याऐवजी तिथेच छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना टाक. मूळ फाइल गिम्पच्या एक्ससीएफ प्रकारात जपून ठेव, म्हणजे वर्षानंतर कुणी विचारलं तरी उत्तर तयार. मूळ पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉटही काढ. क्रिएटिव्ह कॉमन्सचा एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही, पण माणसं पुढे पानावरचा परवाना बदलतात, फोटो काढूनही टाकतात. तेव्हा पुरावा आपल्याकडे हवा. आणि फोटो कायम मूळ आकारात उतरव. ए-थ्री पान 300 डीपीआयला छापायचं तर चित्र 3508 बाय 4961 पिक्सेल लागतं. ग्रुपवरून आलेला फोटो तिथे फाटतो. प्रेसला फाइल व्हॉट्सॲपनं देणार असशील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आता मैत्रिणीचा प्रश्न. तिच्यावर रागावू नकोस. 'यात तुझं काय आहे' हा प्रश्न चांगला आहे, फक्त तिनं तो उत्तर ठरवून विचारला. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी 1912 मध्ये चित्रात छापील कागद चिकटवले. काही वर्षांनी बर्लिनमध्ये हाना ह्योख ही चित्रकार वर्तमानपत्रांतले फोटो कापून चित्रं करू लागली. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे चित्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यात्रेकरूंच्या फोटोंतले चेहरे कापून रंगवलेल्या श्रीनाथजींसमोर चिकटवत. कोलाज ही कला आहे का, हा वाद शंभर वर्षांपूर्वीच मिटला. तुझं अमुक एक कोलाज तुझं आहे का, एवढंच विचारायचं उरतं, आणि त्याचं उत्तर प्रत्येक चित्राला वेगळं असेल.

तू पाठवलेलं पहिलं चित्र बघ. आखाजीच्या झोक्याचे दोर तू भुसावळच्या यार्डातल्या विजेच्या तारांना बांधले आहेत. सोबत लिहिलंस की माहेरी येणाऱ्या लेकी आता रेल्वेनं येतात, म्हणून. झोक्याचा फोटो एकाचा, तारांचा दुसऱ्याचा. दोघांपैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. ते तुला सुचलं. हे चित्र तुझं आहे, आणि खाली चार जणांची नावं लिहिली तरी तुझंच राहील. बामणोदची वांगी कुणाच्या मळ्यातली आहेत हे पंगतीत आवर्जून सांगतात, म्हणून काड्यांवर भाजून ठेचणाऱ्या हाताचं भरीत परक्याचं होत नाही. कायदाही हेच म्हणतो : मूळ फोटो त्यांचे, निवड आणि रचना तुझी. एसए परवान्यावर तू ते मोकळं केलंस, तर वापरणाऱ्याला तुझंही नाव द्यावं लागेल.

दुसऱ्या चित्राबद्दल मात्र मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. मावळता सूर्य, केळीची बाग, नदी, पावरा बाई. सगळं सुंदर आहे, पण एकमेकांशी काही बोलत नाही. तिथे तू फक्त देखणे फोटो गोळा केलेस. उजेडही जुळत नाही. बागेवरची सावली डावीकडे पडते, बाईवरची उजवीकडे. बारा पानं करताना प्रत्येकाला आधी विचार : झोक्याचे दोर तारांना बांधले, तसं यात मी काय बांधते आहे? उत्तर नसेल तर ते पान पुन्हा कर.

आणि काही फोटो तुला मिळणारच नाहीत, कारण ते अजून कुणी काढलेलेच नाहीत. कपाशी वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, तुमच्या बस स्टँडवरची पहाट, केळीचे घड वाहणारा ट्रॅक्टर. ते तुझ्या मोबाइलनं काढ. एसएची अट नको असलेल्या पानांना ते उपयोगी पडतीलच. मन झालं तर त्यातले थोडे कॉमन्सवर टाक, तुझ्या नावानं, तुला पटेल त्या परवान्यावर. तिथे दर सप्टेंबरमध्ये वारसास्थळांच्या फोटोंची 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धाही चालते.

ऑर्डर घे, पण बाराची नको. आप्पांना आधी तीन पानं करून दाखव, श्रेयाच्या यादीसकट. यादी बघून ते "हे कशाला?" म्हणाले तर समजावून सांग. तरीही "नावं काढ" म्हणाले तर ते काम सोडून दे. कोलाज करणं सोडायचं कारण मला तुझ्या पत्रात कुठे सापडलं नाही.